मध्ये येणारं घर

नॉरहोल्म, सोमवार, ४ मार्च २००२

चि. आस्गर यास,
बोदिलताईचे अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिला कारण लिहावा लागतो. एरवी तुझ्या पाठीत एक धपका घालावा असंच मनात आहे. सही केलीस, कॉफी प्यायलास, केकचा दुसरा तुकडा खाल्लास आणि ओडेन्सेची गाडी पकडून मोकळा झालास. दर रविवारी बाबांसमोर जाऊन बसायचं ते मी. आठवडाभर कारखान्यात हेरिंग मासे कापून बोटं बधिर होतात ते परवडलं, त्यांच्या तोंडाकडे बघणं परवडत नाही.

तू सोयीचं तेवढं लक्षात ठेवतोस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. नोव्हेंबरात गुडघ्यासाठी म्हणून आपण त्यांना वृद्धाश्रमात नेलं. वसंतात परत घरी, असं मी म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं. नव्या मोठ्या पवनचक्क्या तेव्हा चर्चच्या अंगाला उभ्या राहणार होत्या. मग मनोऱ्यामागे पाती फिरताना दिसतील म्हणून चर्चवाल्यांनी खोडा घातला आणि चक्क्या सरकल्या आपल्या बाजूला. चक्कीच्या उंचीच्या चौपट अंतरात राहतं घर चालत नाही. त्या अंतरात घर एकच, आपलं. आई गेल्यावर बाबांनी ते विश्वासाने आपल्या दोघांच्या नावावर केलं. सभागृहात सगळं गाव कॉफीचे कप धरून माझ्याकडे बघत बसलं होतं आणि घर पाडायच्या संमतीवर मी सही केली. तुझ्याआधी केली.

आता काल काय झालं ते ऐक. चक्क्यांसाठी एक घर पाडणार हे बाबांना तिथल्या नर्सकडून कळलंय. ते धरून बसलेत की ते घर शेजारच्या आयनरचं. मी चाचपडत विचारलं, आयनरचंच कशावरून? तर म्हणाले, "आपलं असतं तर मला विचारायला आले असते."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे मला निरोप दिला. आयनरला सांग, आमची पूर्वेकडची खोली रिकामी आहे, खुशाल येऊन राहा, भाडंबिडं काही नको, फक्त पाइप बाहेर जाऊन ओढायचा. मी म्हटलं, सांगते. आज दुकानात आयनर भेटला, त्याला सांगितलं. लोणी गल्ल्यावर तसंच टाकून तो निघून गेला.

अठरा तारखेला, सोमवारी, घर पाडायचं यंत्र येतंय. त्याआधी बाबांना कोण सांगणार, ते कळव. आमचे हे म्हणतात तूच सांग, तू तोंडाळ आहेस. माझं तोंड तिथे उघडत नाही, त्याला मी काय करू? तुझ्या बायकोला आणि मुलींना माझं प्रेम. तुझ्यासाठीचं सध्या राखून ठेवलंय.

तुझी ताई,
बोदिल

॥

ओडेन्से, गुरुवार, ७ मार्च २००२

ती. ताईस,
आस्गरचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. धपका पोचला. केकच्या दुसऱ्या तुकड्याचं मात्र खोटं आहे, तो दाजींनी खाल्ला.

ताई, शांतपणे विचार कर. बाबा त्र्याऐंशीचे आहेत. घरातला तो जिना त्यांना आता चढवणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. घर असतं तरी ते परत गेले नसते. मग आत्ताच सांगून त्यांचं मन कशाला मोडायचं? आणि गावात पहिली पवनचक्की कोणी आणली? बाबांनीच ना? आपण त्यांचंच काम पुढे नेतोय. मी इथे कारखान्यात पाती बनवतो याचा त्यांना किती अभिमान आहे, हे तू पाहिलंयस.

मला वाटतं, घर गुपचूप पाडू द्यावं. मग उन्हाळ्यात कधीतरी सांगू, की वादळात छप्पर गेलं, भिंत खचली, पाडावंच लागलं. वादळावर कोणाचा राग राहत नाही.

मला या महिन्यात रजा मिळणं अवघड आहे. परवा एक पातं ट्रकवर चढवत होते, नॉरहोल्मला जाणारं. मी त्या दिवशी दुसऱ्या दाराने घरी गेलो. हे बायकोला सांगितलेलं नाही.

प्रकृतीला जप. राखून ठेवलेलं प्रेम लवकर सोडावं, ही विनंती.

तुझा,
आस्गर

॥

नॉरहोल्म, रविवार, १० मार्च २००२

चि. आस्गर यास,
अ. उ. आ. आणि शिवाय कानउघाडणी.

वादळ म्हणे. बाबांना वाऱ्याबद्दल थाप मारणार तू? ते सकाळी खिडकी उघडून वारा कुठून आणि किती जोराचा ते सांगतात. आश्रमातल्या बायका त्यांना विचारून कपडे वाळत घालतात. कुठलं वादळ, कुठल्या रात्रीचं, हे तुला पहिल्याच वाक्यात विचारतील आणि तू तोंडावर पडशील. शिकलेल्या माणसाने निदान खोटं तरी धड रचावं.

आणि त्यांचं काम पुढे नेतोय असं पुन्हा लिहू नकोस. पहिली चक्की त्यांनी कशी आणली, तू तेव्हा लहान होतास, मी पाहिलंय. टोपी हातात घेऊन घरोघर फिरले. सगळे हो म्हणाले, फक्त आने नावाची एक विधवा नको म्हणाली, आवाजाने माझ्या कोंबड्या अंडी देणार नाहीत म्हणून. लोक हसले, म्हणाले, म्हातारीला सोड. बाबांनी खड्डासुद्धा खणू दिला नाही. तिला पलीकडच्या गावातल्या चक्कीखाली घेऊन गेले, पावसात दुपारभर उभे राहिले, तिच्या काखेत कोंबडी. तिच्या एका होकारासाठी अख्खं गाव हिवाळाभर थांबलं. त्या माणसाला आपण विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते असं मला वाटतं. आस्गर, मला खातं ते हेच. घर जाण्याचं दुःख गिळता येतं. ही लाज गिळत नाही.

आज आयनर आश्रमात आला होता. खरं काय ते सांगून टाकतो, असं दारात मला म्हणाला. आत जाऊन खुर्चीवर बसला आणि रडायलाच लागला, एवढा धिप्पाड माणूस. बाबांना वाटलं, घर जातंय म्हणून रडतोय. त्यांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "लाजू नकोस रे. माझं घर ते तुझंच." आयनर माझ्याकडे बघत राहिला. मी उठून कपबशा धुवायला गेले. धुतलेल्याच धुतल्या.

तिथून परस्पर गावच्या पवनचक्की मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. म्हटलं, बाबांना विचारल्याशिवाय यंत्र आणू नका. तो म्हणाला, कागद झालेत, आता उशीर झाला. मी म्हटलं, किल्ली अजून माझ्याकडे आहे. घरी आले, गादी आणि किटली उचलली आणि आता हे पत्र बाबांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. चूल पेटवलीय, पडदे उघडे ठेवलेत. राहतं घर आहे हे. चौपट अंतर मोजायचं त्यांनी खुशाल मोजावं. आमचे हे पहिल्यांदा चिडले, मग स्वतःची उशी घेऊन आले.

मला चक्क्या अडवायच्या नाहीत. बाबा हो म्हणाले की त्याच दिवशी गादी गुंडाळते. नको म्हणाले तर काय, ते मला ठाऊक नाही. पण प्रश्न त्यांच्यासमोर ठेवायचा, आणि तो आपण दोघांनी. एकटीने मी विचारणार नाही. सह्या दोन आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. रजा मिळत नसेल तर आजारी पड, तसा तू आजारी आहेसच. पत्रावर पत्र नको, समजूत घालणं नको. येतोस की नाही, एवढंच मला गुरुवारपर्यंत कळव.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच एवढं ओरडते,
बोदिल