कानबाईच्या दिवशी मी बोलले ते

पिंपळनेर,
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कामिनीस,

तुझ्या थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे. सासूबाईंचा गुडघा कालपासून जरा हलका आहे. छकुलीचा वरचा दात आला का?

फोन असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली, म्हणशील. अगं, आठवड्यात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा दात आणि गंगाफळाची भाजी यांवर बोलून ठेवून दिला.

काल योगेंद्र भाऊजींचा फोन आला. तू दोन दिवस धड जेवली नाहीस, छकुली रडली तरी उचलत नाहीस म्हणाले. गोळ्या घेते ना, विचारलं, तर म्हणाले, श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट झाले तेव्हापासून बंद आहेत. "अक्का, तुमच्याच तोंडून कानबाई माय बोलली ना."

त्या सोमवारी कानबाई विसर्जनाला उठवायच्या वेळी डफ वाजत होता, सगळे भाऊबंद अंगणात दाटलेले. माझी छाती एकदम धडधडायला लागली, हातपाय गार, श्वास पुरेना. खाली बसून थरथरायला लागले. पाणी मागणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माय उनी वं, माय उनी!" कपाळभर कुंकू, ओटीत नारळ. चहात साखर कमी पडली म्हणून जिला चार माणसांत ऐकावं लागतं, तिच्या पाया सासूबाई पडल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

असं मला दिवाळीपासून होतंय. पिठाच्या गिरणीत झालं, बसस्टँडवर झालं. तिथे कुणी माय आली म्हटलं नाही, लोकांनी नुसती वाट सोडली.

मग तू पुढे आलीस. पायावर डोकं ठेवून हळूच विचारलंस, "माय, गोळ्या बंद करू का?"

तोवर माझी थरथर उतरली होती, कामिनी. मी पुरती शुद्धीत होते. आणि म्हटलं, "कर बंद."

हेव्यापोटी म्हटलं. बाळंतपणानंतर तुला रडू यायला लागलं, तर भाऊजींनी रजा टाकून डॉक्टर गाठला. गोळीबरोबर पाण्याचा तांब्याही हातात देतात. मला इतकं होतं, तर आमचे हे म्हणतात, पित्त झालं असेल, लिंबू पी. मला कुणी विचारत नाही, मग हिचेच एवढे लाड का, असं मनात आलं. बायका भांड्यावरून भांडतात, मी तुझ्या जिवाशी खेळले. माझी मला लाज वाटते.

मागच्या बुधवारी डोळे तपासायचं निमित्त करून मी एकटी धुळ्याला डॉक्टरांकडे गेले. तुझ्या नाही, दुसऱ्या. छाती ठीक आहे, हा घबराटीचा आजार आहे म्हणाले. किती दिवस एकट्या सोसताय, असंही विचारलं. मी तिथेच रडले. उठताना म्हणाले, बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. तेव्हा तू डोळ्यांसमोर आलीस.

आता ऐक. हे मी सांगतेय, देवी नाही. उद्या गणपती बसतील, म्हणून थांबू नको. आजच भाऊजींबरोबर तुझ्या डॉक्टरांकडे जा. तीन आठवडे गोळ्या बंद आहेत हे लपवू नको, पुन्हा कशा सुरू करायच्या ते तेच सांगतील. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर तेही सांग आणि घरात एकटी राहू नको. छकुलीला उचलावंसं वाटत नाही म्हणून तू वाईट आई होत नाहीस.

आज मंगळवार. कानबाईपासून दर मंगळवारी बायका माझ्या पाया पडायला येतात, आजही चार वाजता येतील, शेजारच्या नथ्थू आबांची सूनही येईल. त्यांना आणि सासूबाईंना एकदमच सांगणार आहे. उद्यापासून तोंड फिरवतील. फिरवू देत.

हे पत्र यांच्याच हाती देतेय, सकाळच्या बसने धुळ्याला तुमच्याकडे निघालेत. पाकीट मुद्दाम चिकटवलं नाही. यांना तोंडावर सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही. साक्री येईपर्यंत वाचून होईल.

माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नको. पण डॉक्टरांकडे जा.

बुधवारपासून तुझ्यासारखीच रोज एक गोळी घेणारी,
दिपमाला