काचेवरचं हळदीचं बोट

बेला गाव, सोमवार, दिवेलागण

मी सांगून राह्यली, नात सुमन लिहून राह्यली. मला अक्षर येत नाही, पण वही ओळखते. हळदीचं बोट लागलेलं पान लेकीच्या लग्नाचं. दुमडलेलं पान, आमचे हे वारले त्या दिवसाचं.

सुमन परवा हैदराबादला नोकरीवर चालली. म्हणते, "आजी, तू फोनवर सांगजो, मी तिथून लिहीन. या टॅबमध्ये उमटेल."

"माझं पान कसं ओळखू?"

"नाव टाकीन ना."

"वाचेल कोण? तुझी माय? अर्धी वही तर तिच्यावरच आहे."

वही ठेवू तर लिहायला कोणी नाही. टॅब ठेवू तर मला सापडत नाही. काय करू?

हळदीचं बोट टॅबच्या काचेवर टेकवून पाह्यलं. सुमननं ओढणीनं पुसलं.

हेही लिही म्हटलं. सुमन आता टॅबवरच, पुसल्या जागीच लिहून राह्यली.