टर्कीचा नर

बाबा, तुम्ही टर्कीच्या नराला काखेत आवळून धरलं आहे आणि मी तुमच्या कातरीने त्याची नखं कापते आहे. मिलमध्ये साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, धागे तोडायची ही छोटी कातर. संप सुरू झाल्यापासून तिला काम नव्हतं, तुम्हालाही. 'फार आत जाऊ नको, रक्त येईल,' तुम्ही सांगता. नर मान ताणून तुमच्या तोंडाकडे बघतो आणि घशातून गबगब आवाज काढतो. पलीकडे चाळीमागच्या पत्र्याखाली मादी उभी आहे. तिच्या पाठीवरची पिसं गेली आहेत, दोन्ही कुशींची कातडी फाटली आहे, कारण हे धूड तिच्यावर चढतं, जड पायांनी तिला तुडवत राहतं आणि काही न करता उतरतं. आईने तिच्यासाठी मिलच्या जाड कापडाची झूल शिवली आहे, पंखांखालून नाड्या बांधायची. तुम्ही आधी जखमेवर हळद भरता, फुंकर घालता, मग नाड्या बांधता, काचणार नाहीत अशा. त्या दुपारी तुमच्याइतका समजूतदार माणूस अख्ख्या लालबागमध्ये नव्हता असं मला वाटलं होतं. म्हणूनच राग जात नाही. मूर्ख माणसावर कोणी इतकी वर्षं रागावत नाही.

नर तुम्हाला तुमच्या खात्यातल्या निवृत्त जॉबरने, म्हणजे मुकादमाने, दिला होता, दादरच्या त्या ख्रिस्ती म्हाताऱ्याने. नाताळात टर्कीला गिऱ्हाईक असतं, जोडी करा, पिल्लं वाढवा, असा त्याचा सल्ला. दिलं ते एकटं पिल्लू होतं आणि ते खात नव्हतं. तुम्ही त्याला तळहातावर कणी भरवलीत, उकडलेलं अंडं कुस्करून दिलंत, बनियनच्या आत घेऊन ऊब दिलीत. दिवसभर तुम्ही घरीच. त्या पिल्लाने दुसरी टर्की पाहिलीच नाही. मोठा झाल्यावर तो तुमच्यासमोर शेपटीचा पंखा उघडून, पंख जमिनीवर खरडत, लालनिळा होऊन नाचू लागला. मग तुम्ही मादी आणलीत. ती त्याच्यापुढे मान टाकून बसायची, आणि हा तिच्या पाठीवर उभा राहून तुम्ही कुठे आहात ते शोधायचा. चाळीच्या मागच्या गॅलरीत माणसं जमायची. 'काय गाववाल्या,' वरचे काका ओरडले, 'ह्या नवरदेवाचो जीव तुझ्यावरच दिसता! वहिनींका सांगा, सवत इली!' तुम्हीही हसलात. तोंडावर टॉवेल धरून हसलात.

मादीने अंडी घातली. आपली एक गावठी कोंबडी खुडूक झाली होती, तिच्याखाली तुम्ही ती ठेवलीत. महिना गेला, एकही पिल्लू निघालं नाही. अंडी फोडली तर आत नुसतं सडकं पाणी. शेजारच्या मावशी नाक दाबून म्हणाल्या, 'मादी वांझ असा. कापा आणि खावा.' तेव्हा तुम्ही त्यांच्यावर उखडलात. 'असं कसं, मावशी? कापडात दोष आला तर आम्ही नुसता बाणा बघतो काय? ताणा बघतो, साचा बघतो, मग बोलतो. अंडी ती घालते आहे. नर बघायला नको?' मी पायरीवर बसून पुस्तक वाचत होते. पुस्तक मिटून मी तुमच्याकडे बघत राहिले. बाप असा बोलतो याचा अभिमान वाटला.

मादीची पाठ भरल्यावर तुम्ही तिला टोपलीत घालून दादरला म्हाताऱ्याच्या नराकडे घेऊन गेलात. काही दिवसांनी आणायला गेलात तेव्हा मी बरोबर होते. म्हातारा मादीची टोपली पुढे सरकवत म्हणाला, 'बाय तुझी फस्क्लास हाय. बाप्याच तुझ्यावर फिदा, तो बिचारा काय करनार?' त्यानंतरच्या अंड्यांतून खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली. तुम्ही सगळ्यांना हाका मारल्यात. आई आली, मावशी आल्या, आत्या आली.

आत्या तेव्हा आपल्याकडे होती, हे तुम्हाला आठवत असेल असं मी धरून चालते. तुमची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली. आईने तिला परळच्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हिच्यात मला काही दोष दिसत नाही, नवऱ्याला घेऊन या. आई तुम्हाला हे सांगत होती तेव्हा मी तिथे होते. 'दाजींना असं कसं सांगायचं?' तुम्ही म्हणालात. 'पुरुषमाणसाला तपासायला बोलवायचं? काय बोलतेस तू?' आणि विषय संपला. येत्या रविवारी आपल्या गावकऱ्यांच्या इथल्या मंडळाच्या खोलीत पंच बसणार होते. तिथे काडीमोड झाली की नवरा दुसरं लग्न करायला मोकळा आणि आत्या जन्मभर वांझ.

तुम्ही हाका मारल्यावर ती पिल्लांपाशी उकिडवी बसली. एक पिल्लू हातावर घेतलं. 'दादा, ह्या मादीला तू दादरपर्यंत नेलंस. माझ्या नवऱ्याला परळपर्यंत नाही आणलंस.'

'जनावराची गोष्ट वेगळी असते.'

'वेगळी कशी?'

'तू गप ऱ्हव.'

ती गप्प राहिली नाही. 'रविवारी तू भांडू नको. एवढंच बोल, की डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलंय. पुढे त्यांना काय करायचं ते करू देत. एक वाक्य, दादा.'

'बघतो,' तुम्ही म्हणालात. पिल्लांकडे बघत म्हणालात.

रविवारी आत्या आणि मी मंडळाच्या खोलीबाहेर गॅलरीत उभ्या आहोत. आत भिंतीला ट्रंका रचल्या आहेत, संपात गावी गेलेल्यांच्या. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले आहेत. त्यांचे काका विचारतात, 'मुलगी वांझ आहे. भावाचं काय म्हणणं?' आत्या माझं मनगट धरते. मी मनात तुमचं वाक्य तुमच्या आवाजात बोलते, म्हणजे ते तुमच्या तोंडून निघेल. तुम्ही घसा साफ करता. 'पंच ठरवतील ते,' तुम्ही म्हणता. दाजी केरसुणीतली एक काडी ओढतात आणि मोडतात. आवाजसुद्धा होत नाही.

दाजींच्या त्या काकांच्या शब्दावर मंडळातून संपकऱ्यांच्या घरी तांदूळ येत होता, आपल्याही घरी. हे मला माहीत आहे. मी ते तुमच्या बाजूने धरलं आहे, अनेकदा धरलं आहे. तरी पुरत नाही. मिलच्या गेटवर पोलिसांसमोर तुमचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. तांदळासाठी झुकायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. आणि समजा झुकायचंच होतं, तर न कळणाऱ्या माणसासारखं झुकायला हवं होतं. तुम्हाला कळत होतं. ताणा, बाणा, साचा, सगळं कळत होतं. एका पक्ष्याला तुम्ही जो न्याय दिलात तो बहिणीला द्यायला लाजलात. दाजींच्या दुसऱ्या बायकोला मूल झालं की नाही, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. त्याने काही सिद्ध होत नाही. दाजींना दहा मुलं झाली असती तरी ते वाक्य तुम्ही बोलायला हवं होतं.

आत्या गेली, तुम्ही तर तिच्या आधी गेलात. चाळही आता नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि टाकायची सोय असती तरी मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट यात अजून लिहिलेली नाही. घरी पाहुणे आले की मी टर्कीच्या नराची गोष्ट सांगते. तो तुमच्यासमोर कसा नाचायचा, तुम्ही तोंडावर टॉवेल धरून कसे हसायचात. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. पिल्लं निघाली की मी गोष्ट थांबवते. तुम्ही तिथपर्यंतच मला हवे असता.

काडी मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एकटीच हिंदमाताच्या साडीबाजारात गेली आणि एका दुकानातून मजुरीवर फॉल-बिडिंग करायला साड्यांचा गठ्ठा घेऊन आली. तुम्ही पिल्लांसाठी कणी आणायला गेला होतात.