पाणकोंबडी आणि उघडा समुद्र

तिवात, कोटोरची खाडी

प्रिय व्लाहो,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं होतं. स्प्लिटहून बेटांवर टपाल नेणारी तुझी मोटारबोट लाटेवर बरी चालते, एवढंच त्यात होतं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला जे विचारायचं होतं ते कार्डावर मावणारं नव्हतं. आज मात्र लिहायलाच हवं. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. कालपासून युगो सुटलाय. दक्षिणेचा हा वारा माझ्या डोक्यात शिरतो म्हणून तू मला हसायचास. खिडक्या अशा खडखडतायत की सारखं वाटतं, कुणी दार वाजवतंय. खाली बाबा हॅट घालून बसलेत. माझं पत्र संपलं की स्वतः नेऊन टपालात टाकणार म्हणतात.

आधी पाणकोंबडीची, बाबांनी बांधलेल्या त्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाची, खबर देते. नौदलाच्या कागदांवर तिला नुसता क्रमांक आहे, पण शेडमधले सगळे तिला अजून त्याच नावाने हाक मारतात. पाण्यावर नुसती धावते, उडायचं नाव घेत नाही, म्हणून मेकॅनिकांनी ते नाव ठेवलं तेव्हा बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. आता तेही पाणकोंबडीच म्हणतात. तिच्या जोडीची दुसरी अजून बांधलेली नाही. नौदलाने पसंत केली तर आणखी बांधायच्या, नाहीतर परदेशातून धातूची तयार विमानं आणायची आणि आमच्या कारखान्याने पुन्हा मच्छीमारांच्या होड्या करायच्या, हे तुला माहीतच आहे.

गेल्या वसंतातला तो दिवस मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नौदलाच्या समितीचे लोक धक्क्यावर उभे होते, चाचणी संपवून तू भिजून बाहेर आलास आणि सरळ सांगितलंस, "पाणी सोडायच्या आधी ही नाचते. नाक वर-खाली आपटतं. आज मी आवरली. उद्या एखाद्या नवख्या पोराला आवरणार नाही. तळाची पायरी मागे घ्या, मग मला बोलवा." तळ जिथे पाणी सोडतो ती आडवी खाच म्हणजे बाबांचा जीव की प्राण. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पायरी ठीक आहे. तुझे हात थरथरतात, त्याला माझी उडती नाव काय करणार?" तू हातमोजे काढलेस, पंखावर ठेवलेस आणि चालू लागलास. रात्रीच्या बोटीवर चढताना मला विचारलंस, "येतेस?" आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबांना स्टोव्ह पेटवता येत नाही. मी काय सांगणार होते?

तू गेल्यावर गावात लोक तुझ्याबद्दल काय बोलायचे ते लिहीत नाही. पण शरद ऋतूत बाबांनी माझ्या टेबलावर एक आराखडा ठेवला. "पोरी, एवढा गिरवून दे." मी पाहिलं तर पायरी वीतभर मागे. तू म्हणाला होतास, अगदी तिथेच. मी मान वर केली तर ते चष्मा पुसत होते. "लाकूड फुगतं पाण्यात," म्हणाले, "म्हणून."

या वसंतात येर्को नावाचा लेफ्टनंट आला. बोलका, गालावर खळी पडणारा, सगळ्यांचा लाडका. खाडीच्या शांत पाण्यावरून त्याने तिला बगळ्यासारखी उचलली. खरं सांगते, मी रडले. इतकी सुंदर दिसत होती ती. त्या दुपारी अधिकाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. मी मासे भाजले, बाबांनी चुलतकाकांची द्राक्षांची दारू काढली. प्याले भरले तसा एक कॅप्टन हसत म्हणाला, "तुमचे जावईबापू कुठे दडलेत? ऐकलंय, ते हल्ली टपाल वाटतात. पत्रं काही नाचत नाहीत म्हणा." सगळे हसले. माझ्या हातात बटाट्यांचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि म्हणाले, "पाणकोंबडी उडाली कारण पायरी हलवली. कुठे हलवायची ते माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं. आराखडा मी गिरवलाय."

बाबा म्हणाले, "देसांका, बस खाली." मी बसले नाही. तेव्हा येर्कोने बाबांकडे पाहून विचारलं, "साहेब, खरं का हे?" बाबा बराच वेळ माशाचे काटे काढत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे." आणि मला म्हणाले, "मीठ दे." व्लाहो, इतकंच झालं. पण संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या तिवातभर झालं होतं. आता धक्क्यावर तुझं नाव निघालं की लोक आदराने टोप्या सरळ करतात.

ही बातमी सांगायला मी धावत यायला हवं होतं. तेवढ्यात समितीने नवं काढलं. खाडी म्हणजे तळं आहे, म्हणाले, उघड्या समुद्रावर उतरवून पुन्हा उचलून दाखवा. येर्को खाडीच्या तोंडाबाहेर गेला. लाट फार नव्हती. पहिल्या लाटेने तिला वर फेकलं, दुसरीवर ती आपटली आणि तळाची फळी फुटली. कोळ्यांनी त्याला ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलंय. मी भेटायला गेले तर हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "वहिनी, तळ फार नाजूक आहे. हे साहेबांना सांगायचा धीर मला होत नाही." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "पोराला अनुभव नाही." फळी बदलून झालीये. समिती पुढच्या महिन्यात परत येतेय.

म्हणून काल रात्री जेवताना ते म्हणाले, "व्लाहोला लिही. त्या लाटेवर तिला तोच उतरवू शकतो. लिही की मी चुकलो होतो. लिही की माफी मागतो." असं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. शनिवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर ते स्वतः तार करणार आहेत. तर निरोप पोचवला. माफी खरी आहे, ती तू घे, ती तुझ्या हक्काची आहे. पण येऊ नकोस. मी तुला ओळखते. तार वाचताच तू बोट दुसऱ्याच्या हवाली करशील, कारण आता इथे सगळे तुला शूर म्हणताहेत आणि वर्षभर तू ते ऐकायला आसुसला आहेस. त्यासाठी येऊ नकोस. पायरी बरोबर आहे, पण तळ समुद्राचा नाही, खाडीचा आहे. हे पत्र पाकिटात घातलं की खाली जाऊन बाबांना सांगणार आहे की मी यात काय लिहिलंय. मग टाकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. नाही टाकलं तर मी टाकेन. स्टोव्ह पेटवायला शेजारच्या माराने त्यांना शिकवायचं कबूल केलंय. रविवारच्या बोटीने मी स्प्लिटला येतेय, ट्रंक घेऊन. ट्रंक जड आहे, मला एकटीला उचलणार नाही. तेव्हा तू तिथेच राहा, धक्क्यावर.

तुझीच,
देसांका