निळ्या किटलीबाबत आणि इतर मालमत्तेबाबत

वाटणीकडे वळण्यापूर्वी एक तक्रार नोंदवून ठेवतो. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला माझा मेहुणा सातकिन याने जी निळी विजेची किटली भेट दिली, तिचे झाकण पहिल्या दिवसापासून नीट बसत नाही. झाकण बसत नाही म्हणून पाणी उकळल्यावर ती आपोआप बंद होत नाही. कोणीतरी उठून बंद करीपर्यंत ती रटरटत राहते आणि भिंतींना घाम फुटतो. सात वर्षे मी हे मुकाट्याने सोसले. हयातीत बोललो असतो तर सातकिनने दुसरी किटली आणली असती, म्हणून मृत्यूनंतर बोलत आहे.

आता विधिपूर्वक. मी, वामन दत्तात्रेय थत्ते, वय सत्तावन्न, जन्मस्थान वाई, हल्लीचा आणि आता कायमचाच मुक्काम कोक-तोर, नारिन प्रांत. एके काळी एका मराठी वृत्तपत्राचा मध्य आशियातील वार्ताहर, पुढे येथील शाळेत रशियनचा शिक्षक, गावात 'वाके' या आदरार्थी नावाने परिचित. असे लिहून ठेवतो की माझे पोट निकामी झाले असले तरी डोके जागेवर आहे. येत्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर जाण्याचा बेत करू नका, असे नारिनच्या डॉक्टरांनी अत्यंत सभ्यपणे सांगितले आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव होता तो न करण्याचा. माझी पत्नी नूरजमाल हिने तीनदा कागद उचलून ठेवला. हे मराठीत लिहितो, कारण निरवानिरव मातृभाषेत करावी असे वाटले. माझी मुलगी आयचुरोक याचा किर्गिझ अनुवाद करून नोटरीपुढे नेईल. तिने अनुवाद करताना बापाचे बोलणे सौम्य करू नये.

कलम १. कोक-तोर येथील घर, अंगण, पलीकडचा गोठा आणि तांबूस घोडी यांची मालकीण नूरजमाल. यावर कोणी चर्चा करू नये.

कलम २. वाईच्या घरातील माझा हिस्सा मी धाकट्या भावास देतो. त्याने तो एकोणीस वर्षांपूर्वीच घेतला आहे, मी केवळ संमती कळवीत आहे. पाठशाळेत आम्ही दोघांनी एकाच गुरुजींकडे संस्कृत घोकले. अपरिग्रह हा शब्द तो माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणत असे.

कलम ३. माझे संस्कृत कोश आणि वर्तमानपत्रांची कात्रणे आयचुरोककडे जातील. कात्रणांत माझी निम्मी वाक्ये नाहीत, ती पुण्याच्या संपादकांनी जागेअभावी कापली. त्यांना क्षमा. आज वाचतो तेव्हा वाटते, आणखी थोडी कापायला हवी होती.

कलम ४. इन्व्हर्टर. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

सोव्हिएत युनियन मोडली त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत खाणीकडून आमच्या गावाकडे येणाऱ्या विजेच्या तारा उतरवून भंगारात गेल्या. खांब जळणात गेले. तेव्हापासून गावात वीज म्हणजे ज्याच्या त्याच्या छपरावरचा सूर्य. आम्ही दिवा आणि रेडिओ यांवर सुखात होतो. मग नूरजमालची फुप्फुसे आखडत गेली. तीस वर्षे लोकर पिंजणे आणि शेणीचा धूर. डॉक्टरांनी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र दिले, आणि दिवसाचे बरेच तास व संपूर्ण रात्र ते चालले पाहिजे असे बजावले. अर्धा तास बंद राहिले तर ती ओढून नेते. त्यापुढे तिचे ओठ निळे पडू लागतात.

ती दोन महिने आयचुरोककडे नारिनला जाऊन राहिली. तिथे तारेची वीज आहे. परत आली तेव्हा म्हणाली, "पाचवा मजला. दोन महिन्यांत चहाला कोणी आलं नाही. श्वास घेऊन करायचं काय तिथं?"

तर इन्व्हर्टर हवा होता. पहिला सातकिनने आणला. हा मनुष्य घोडा घ्यायचा झाला तर दात बघतो, खूर उचलतो, कान लावून पोट ऐकतो. इन्व्हर्टर मात्र त्याने रंग बघून घेतला. डब्यावर तीन हजार वॉट लिहिले होते. खाली बारीक अक्षरात, एक क्षणभर, असे होते. वजनाला कोंबडीएवढा. यंत्राची मोटर त्याच्यावर चालू केली की दाताखाली वाळू आल्यासारखी करकरायची. अकराव्या दिवशी त्याच्यावर यंत्र, दिवे, सातकिनचा फोन आणि वर ही निळी किटली, असे सगळे लागले. त्याने सगळे घेतले. कशालाही हरकत घेतली नाही. मग वास आला, धूर आला, आणि यंत्राची मोटर सोबत घेऊन तो गेला. नवी मोटर येईपर्यंतचे सहा दिवस आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यातील उसन्या सिलिंडरवर काढले. ते दिवस मी येथे लिहीत नाही. सातकिनला ते आठवतात, एवढे पुरे.

दुसऱ्या वेळी मी इशेनबेक जुमाउलू यांना सोबत नेले. खाणीत चाळीस वर्षे वायरमन. दुकानात त्यांनी एकेक इन्व्हर्टर मांडीवर घेऊन तोलला.

"जड हवा, वाके. जड म्हणजे आत तांबं आहे. मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, तेव्हा तांबंच कामाला येतं. आकड्यांवर जाऊ नका, आकडे कोणीही छापतं."

मग दुकानदाराला म्हणाले, "याच्यावर झेपणार नाही एवढं लाव बघू." दुकानदाराने दोन शेगड्या लावल्या. इन्व्हर्टरने एक शीळ घातली, लाल दिवा लावला आणि बंद झाला. शेगड्या काढल्या, पुन्हा सुरू. इशेनबेक यांनी टोपी मागे सारली. "हा घ्या. याला नाही म्हणता येतं."

सातकिन मागे उभा होता. म्हणाला, "पाहुण्यांसमोर नाही म्हणणारी वस्तू घरात ठेवायची होय, दाजी?"

येथे बहिणीच्या नवऱ्याला जेझदे म्हणतात. मी त्याला पहिल्या वर्षीच दाजी म्हणायला शिकवले. तो शब्द तो फक्त टोमणा मारताना वापरतो.

तो इन्व्हर्टर आज जवळजवळ सात वर्षे विनातक्रार चालू आहे. दोन हजार वॉट. प्राणवायूचे यंत्र साडेतीनशे, किटली अठराशे. दोन्ही एकत्र लागली की तो शीळ घालून थांबतो. त्याच्या जागी मोठा घेऊ नये. मोठा इन्व्हर्टर दोन्ही चालवील, पण बॅटऱ्या तेवढ्याच आहेत आणि हिवाळ्यातला सूर्य तेवढाच. दुपारी पाहुण्यांनी चहा प्यायला तर पहाटे नूरजमालचा श्वास संपेल. याची देखभाल इशेनबेक यांच्याकडे सोपवितो. त्यांच्यानंतर आयचुरोक ठरवील, पण ज्याला नकार देता येतो असेच यंत्र घ्यावे.

कलम ५. इन्व्हर्टरचे आवरण. पहिल्या हिवाळ्यात नूरजमालने इन्व्हर्टरसाठी नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचे, आवरण शिवले. लाल, कडेने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, वर बटण. इन्व्हर्टर तासाभरात तापून बंद पडला. मी आवरण काढले तर ती रागावली.

"तुम्ही थंडीत दोन कोट घालता. तो बिचारा उघडा."

"नूर, त्याला गारच लागतं."

"असं तो म्हणाला का तुम्हाला?"

ते आवरण तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. मला येथील रीतीने पुरावे. दहनाला पुरेल एवढे लाकूड या खोऱ्यात नाही आणि माझा आग्रहही नाही. पुरताना ते आवरण माझ्या छातीवर ठेवावे. माझ्या तापण्याचा प्रश्न तोवर मिटलेला असेल.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतरची व्यवस्था. हे मृत्युपत्र मुळात या कलमासाठी लिहिले.

मी गेलो की अंगणात तंबूघर उभे राहील, त्यात मला ठेवतील. बायका आत बसतील, येणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर नूरजमालला माझ्या नावाने सूर लावून रडावे लागेल. खोऱ्यातली माणसे घोड्यांवरून येतील. तिसरा दिवस, सातवा, मग चाळिसावा. प्रत्येकाला चहा. रीत आहे, आणि चांगली रीत आहे. मी स्वतः पस्तीस वर्षे अशा घरांतून चहा प्यालो आहे.

पण घडलेले एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी सातकिनच्या मुलीला मागणी घालायला अकरा पाहुणे आले आणि त्याने ते आमच्याकडे बसवले, कारण आमची खोली मोठी. मी छपरावर सौरपट्ट्यांच्या काचांवरचा बर्फ झाडत होतो. खाली आलो तर नूरजमाल चटईच्या टोकाशी बसून वाडग्यांत चहा ओतीत होती. अर्धा वाडगा भरायचा, दोन्ही हातांनी पुढे करायचा, हसायचे. तिचे ओठ किटलीच्या रंगाचे झाले होते. मी कोपऱ्यात पाहिले. यंत्राचा प्लग काढून, नळी गुंडाळून, वर उशी ठेवलेली. त्या जागी किटली.

मी वाकून विचारले, "प्लग कोणी काढला?"

"पाहुणे बसलेत. हळू बोला."

"किती वेळ झाला?"

"दुसरी किटली," ती म्हणाली, आणि सातकिनच्या व्याह्यांना विचारले, "आणखी घेणार ना?"

रात्री मी तिच्यावर ओरडलो. ती वाडगे विसळत राहिली. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुम्हीच तर शिकवलंत. दोन्ही एकदम चालत नाहीत, एक काढायचं."

मीच शिकवले होते. पहिल्या आठवड्यात, भिंतीवर खडूने लिहून. कोणते काढायचे ते लिहिले नव्हते. त्याची गरज असेल असे मला वाटले नाही.

म्हणून सूचना. निळी किटली माझ्या मृत्यूच्याच दिवशी सातकिनच्या मालकीची होईल आणि त्याने ती त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी घाटापलीकडे न्यावी. चहा निखाऱ्यांवर पाणी उकळणाऱ्या समोवारवर होईल. धुरामुळे आम्ही तो घरात पेटवत नाही. तो अंगणात, वारा घरापासून दूर वाहील अशा बाजूला ठेवावा आणि चाळीस दिवस तो सांभाळण्याचा मान सातकिनला द्यावा. अन्य कोणाला देऊ नये. सहा दिवसांचे सिलिंडर त्याला आठवतात, म्हणून तो नीट सांभाळील. फोन शाळेत चार्ज करावेत. तंबूघर दक्षिणेच्या खिडकीला लागून उभारावे. नळी पंधरा मीटर आहे, यंत्र घरात राहून नळी खिडकीतून तिच्यापर्यंत पोचते, मी मोजून पाहिले आहे. सूर तिच्या चुलत बहिणीने लावावा.

हे शेवटचे मी तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यासाठी दुसरी रडणार?"

"तू मनात रड."

"मनात काय, ते मी आत्ताही करते," असे म्हणून ती उठून आत गेली. तेव्हा हे कलम तिच्या संमतीशिवाय ठेवीत आहे.

कलम ७. माझी बचत बॅटऱ्या बदलण्यासाठी आहे. दुसऱ्या कशासाठीही, विशेषतः माझ्या वर्षश्राद्धासाठी, ती मोडू नये. एक मेंढी पुरे. कोणी विचारले तर वाके मूळचे शाकाहारी होते असे सांगावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

वामन दत्तात्रेय थत्ते

साक्षीदार:
१. इशेनबेक जुमाउलू, निवृत्त खाण-वायरमन
२. उमसुनाय आलीम-किझी, मुख्याध्यापिका

स्थळ: कोक-तोर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२२

सहीनंतरची भर, माझ्याच हस्ताक्षरात. साक्षीदार सही करायला आले ते पुढच्या खोलीत बसले. मी त्यांना कागद समजावून सांगत होतो. कलम सहा सांगून झाले तेव्हा आमच्यापुढे चहा आलेला होता. इशेनबेक यांनी वाडगा हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिले आणि तो तसाच खाली ठेवला. किटली मी सकाळीच कपाटाच्या माथ्यावर, मागे लपवून ठेवली होती. मी आत गेलो. स्टूल कपाटाशी होते. नूरजमाल भिंतीला टेकून बसली होती, यंत्र बंद होते, आणि मला बघून तिने हाताने खूण केली, आधी त्यांना वाढा. मी प्लग लावला, नळी तिच्या नाकाशी धरली आणि रंग परत येईपर्यंत बसून राहिलो. चौदा मिनिटे लागली.

मरणाची मला फारशी भीती नाही. वर मी सातकिनला, इशेनबेक यांना, आयचुरोकला कामे वाटून दिली. ती सगळी करतील. पण लोक चहाला येतील तेव्हा आत जाऊन बघणारा मी नसेन, आणि ती त्यांना नाही म्हणणार नाही. मला दुसरी कसलीही चिंता नाही.

वा. द. थ.