दवाखान्यातलं अंजीर

३ फेब्रुवारी
हिने आज झाड आणलं. टॅक्सीतून, मांडीवर धरून! "शोभेचं अंजीर आहे. सरांनी दिलं." सर म्हणजे तो दातांचा डॉक्टर, ज्याच्या दवाखान्यात ही फोन घेते. का दिलं? "मी सारखी बघत बसायचे म्हणून." — कुणाकडे? — झाडाकडे, म्हणाली.

४ फेब्रुवारी
गुणगुणत पाणी घालत होती.

९ फेब्रुवारी
शत्रूचा माणूस घरात आलाय, तर त्याची नीट माहिती हवी. दुकानात कॅमेरे दुरुस्त करतो, ते उघडायलाही मला कुणी शिकवलं नाही. हे झाड काय मोठं! पान चमच्यासारखं, खालून फिकट. शिरा फुटतात तिथे टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. डॉक्टरने पाहिला असेल? त्याची नजर दातांपलीकडे जात नाही — गेलीच तर थेट फोनवाल्या बाईवर!
"सर म्हणतात, आठवड्यातून एकदाच पाणी." मातीत बोट घातलं. कोरडी ठणठणीत. सरांना काय कळतंय डोंबल!

२ मार्च
फळं धरली! वाटाण्याएवढी, पिवळी. एक ब्लेडने कापून भिंगाखाली धरलं. फुलं सगळी आत! बाहेर कुणाला पत्ता नाही. तासभर हललो नाही.
लेन्सच्या ब्रशने पानं झटकत होतो. ही दारातून म्हणाली, "पावडर लावायची राहिली बघा." हल्ली पाणी मीच घालतो. हिचा हात जड आहे.

२१ मार्च
दुकानातून आलो तर कोपरा मोकळा. "सरांनी परत मागितलं. बाहेरची खोली ओकीबोकी दिसते म्हणे."
दिलेलं परत मागतो! तिथे दाढ धरून बसलेला कोणीही उठून पान खुडत असेल. डॉक्टरने हिच्याशी खुशाल हसावं, बोलावं — पण झाड!

३० मार्च
"पानं गळतायत हो त्याची." इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. गळू देत! त्याच्याकडे नाहीच टिकायचं.

४ एप्रिल
राहवलं नाही. ही जेवायला बाहेर पडल्यावर दात दाखवायच्या निमित्ताने गेलो. झाड एसीच्या थेट झोतात! कुणाला न विचारता कुंडी उचलली, खिडकीशी ठेवली.
डॉक्टर बघतच राहिला. "अहो, घरीच न्या की. मी कुठे मागितलं होतं? मॅडमच घेऊन आल्या. घरात जागा नाही म्हणाल्या."
जागा नाही?! तसाच परत आलो.

५ एप्रिल
विचारलं. ही भाजी चिरत होती. "पानाखालचा ठिपकासुद्धा दिसतो ना तुम्हाला? मग सांगा, मला चष्मा लागून किती दिवस झाले?"
पाहिलं. चष्मा आहे. एका काडीचा रंगसुद्धा उडालाय.