ओटा बांधला तरच घर

मी, कौसाबाई मगन पाटील, वय त्रेसष्ट, राहणार कोरीट, तालुका व जिल्हा नंदुरबार, धंदा माझा मुलगा अमृत सांगतो तो, म्हणजे "आराम", पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवते. अमृत गावभर सांगत फिरतो, "मायनं डोकं फिरी गयं." म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला नैराश्याचा आजार आहे, वेड नाही.

१. शेत माझे पती कै. मगन यांनी हयातीतच अमृतच्या नावावर केलं. त्याबद्दल माझं म्हणणं नाही. राहतं घर माझ्या नावावर आहे, त्याबद्दल पुष्कळ आहे.

२. या घराला ओटा होता. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकेकीच्या ओट्यावर पापड, ज्वारीच्या बिबड्या करायच्या. सासू, नवरा, गुडघे, सगळं तिथेच बोलून व्हायचं. अमृतने मोटारगाडी उभी करायला ओटा फोडला. मला विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे पाळी बसत नाही, तर दुसरीच्या ओट्यावर कोणत्या तोंडाने जायचं? मी जाणं सोडलं. मग जेवण तुटलं, झोप गेली. शेजारची दिवलीबाई दारात येऊन म्हणायची, "पाळी नही ते नही, तू ये ना वं कौसा." मला उठवत नव्हतं.

डॉक्टरांनी मला विचारलं, काय होतंय? उत्तर अमृतने दिलं, "तिले काय कमी शे? टीव्ही शे, कूलर शे, पापड बी इकत लयतस." तो संताप अजून उतरलेला नाही.

३. माझे पोळपाट, लाटणी आणि बिबड्यांचं मोठं पातेलं दिवलीबाईला द्यावं. टीव्ही आणि कूलर अमृतने ठेवावेत. त्याला काही कमी पडायला नको.

४. माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत अमृतने मोटारीची जागा मोडून होता तसा ओटा बांधावा आणि बायकांची पाळी तिथे बसू द्यावी. बसली की नाही, ते दिवलीबाई सांगेल. तसं झालं तर घर अमृतचं. नाही तर नवापूरला दिलेल्या माझ्या मुलीचं, दामिनीचं. ओटा मग ती बांधेल.

५. माझ्या तेराव्याला विकतचा पापड पानात वाढू नये.

६. त्या ओट्यावर मला बसायला मिळणार नाही, हे मला कळतं. वेडी असते तर कळलं नसतं.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं. एक शब्दही मागे घेत नाही.

सही: कौसाबाई मगन पाटील
साक्षीदार: १. रूपचंद दगा पाटील
२. भिकुबाई रामदास पाटील (समोरचं घर, ओटा शाबूत)
स्थळ: कोरीट
दिनांक: ९ मे २०२५